मुंगूस कुठल्या गावचं

कोल्हापुरात अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायची एकच रीत आहे: "कुठलं गाव, पावणं?" नाव नंतर, कामधंदा त्याहून नंतर. दवाखान्यात, बँकेच्या रांगेत, मिसळीच्या टेबलावर, सगळीकडे आधी गाव. गाव कळलं की तिथला कोण ओळखीचा निघतो ते बघायचं, आणि कुणीच निघाला नाही तर दोघांनीही थोडं खट्टू व्हायचं. मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात मी सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. नव्या सभासदाचा फॉर्म भरताना मीसुद्धा हाच प्रश्न पहिल्यांदा विचारते. फॉर्मात तसा रकाना नाही, तरी विचारते.

गुंडू चौगले पहिल्यांदा वाचनालयात आले त्याला आता चौदा वर्षं झाली. शर्टाच्या खिशात दोन पेनं, काखेत जुनी रेक्झिनची पिशवी, आणि आवाज असा की वाचत बसलेली चारही माणसं वर बघायला लागली.

"एस्टीत कंडक्टर होतो. गेल्या म्हैन्यात रिटायर झालो. बाई, तुमच्यातली सगळ्यात जाड इंग्रजी डिक्शनरी बगायची होती."

माझा स्वभाव फारसा गोड नाही, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला मी सभासदत्वासकट घालवते. मला वाटलं, नातवंडाचा गृहपाठ असणार. मी म्हटलं, "शब्द सांगा, अर्थ मी बघून देते."

"अर्थ नको ओ मला. त्यो शब्द आला कुठनं, ते बगायचंय."

मी चष्मा काढून त्यांच्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं.

त्यांची गोष्ट हळूहळू कळत गेली. नोकरीच्या ऐन भरात, कुरुंदवाडच्या गाडीत, मागच्या सीटखाली त्यांना एक इंग्रजी डिक्शनरी सापडली. नियमाप्रमाणे त्यांनी ती डेपोत जमा केली. वर्षभर कुणी न्यायला आलं नाही, तेव्हा साहेब म्हणाले, "चौगले, तुमीच न्या, हितं उंदरं खातील." शाळा दहावीपर्यंत झालेली, तीही धडपडत. तरी गाडी कुठं थांबली, ड्रायव्हर चहाला गेला, की हे डिक्शनरी उघडून बसायचे. अर्थापुढे कंसात बारीक अक्षरात शब्दाचं मूळ दिलेलं असायचं. "अर्थ ज्याला पायजे त्यानं बगावा," ते म्हणायचे, "मला ते कंसातलंच ग्वाड लागलं."

कंडक्टर माणूस, त्यामुळे त्यांनी शब्दांनाही प्रवासीच केलं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून त्यांनी चिठ्ठ्या केल्या होत्या. चिठ्ठीच्या वर इंग्रजी शब्द देवनागरीत, आणि खाली त्याचे टप्पे, एस्टीच्या भाड्याचे असतात तसे. शब्द कुठं उतरला, त्याआधी कुठं गाडी बदलली, आणि मुळात चढला कुठून. चिठ्ठ्या ठेवायला चपलांचे रिकामे खोके. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा असे एकवीस खोके पलंगाखाली होते आणि खोलीभर चामड्याचा वास येत होता.

त्यांची आवडती चिठ्ठी होती 'शुगर'. शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीवर उभं राहून ते ती हमालांना पाठ म्हणून दाखवायचे. "इंग्लंडात उतरला. त्याआधी फ्रान्सच्या गाडीत हुता. फ्रान्सला लॅटिननं सोडला, लॅटिनला अरबानं, अरबाला इराणनं. आनि इराणच्या गाडीत चढला कुठनं? आपल्या संस्कृतातनं. शर्करा. शर्करा म्हंजे आधी साखर न्हवंच, शर्करा म्हंजे बारीक खडं." हमाल म्हणायचे, "मामा, तरीच तुमच्या रेशनच्या साखरेत खडं निगत्यात." मग सगळे हसायचे, गुंडूमामा सगळ्यांत मोठ्यानं.

पण त्यांचा खरा जीव होता तो मुंगसावर. इंग्रजीत मुंगसाला मंगूस म्हणतात, आणि त्यांच्या बसमध्ये सापडलेल्या डिक्शनरीत त्या शब्दापुढे कंसात एकच शब्द होता: मराठी. मधे ना फारसी, ना अरबी. "डायरेक्ट गाडी," ते म्हणायचे. "फार तर गोव्यात पोर्तुगिजांनी मधी चा पाजला आसंल. बाकी कोल्हापूर स्टँडवर बसलं आनि लंडनला उतरलं." ही गोष्ट त्यांनी तीस वर्षं सांगितली. चालत्या गाडीत सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर एका मयताच्या पंगतीत सांगितली. पेठेत त्यांचं नाव 'मुंगूसमामा' पडलं, आणि त्याचं त्यांना मुळीच वाईट वाटलं नाही.

त्यांच्या बायकोबद्दल आत्ताच सांगायला हवं. चिमणाबाई नाव. नावासारख्याच लहानखुऱ्या. रोज साडेअकराला त्या वाचनालयाच्या पायरीपर्यंत यायच्या, कारण वाचायला बसलं की गुंडूमामांना जेवणाची शुद्ध राहत नसे. आत कधी येत नसत. मी म्हणायचे, "या ना आत, पंखा आहे." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, "नको बाई, मी हितंच बसतो." पदर डोक्यावर घेऊन पायरीवर बसायच्या आणि ते उठेपर्यंत रस्त्याकडे बघत राहायच्या. सारी गल्ली त्यांना 'कुरुंदवाडवाली' म्हणायची. चौदा वर्षांत मी त्यांना एकदाही गाव विचारलं नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच माहीत होतं. खरं सांगायचं तर या बाईंकडे सांगण्यासारखं काही असेल, असंच मला कधी वाटलं नव्हतं. याची आता लाज वाटते.

यंदा आमचे अध्यक्ष धैर्यशील यांच्या डोक्यात आलं की सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, बाहेरून वक्ता आणायचा नाही. "दरवर्षी पुण्याचा मानूस येतो, आपल्यालाच आपली भाषा शिकवून जातो. अवंदा घरचा मानूस. मुंगूसमामांचं भाषण ठेवू." धैर्यशील मनानं दिलदार, पण त्यांना मोठ्या अक्षरांची फार हौस. तीन आठवडे आधीच त्यांनी कोपऱ्यावर फलक लावला: 'इंग्रजांना शब्द देणारी मराठी. वक्ते: गुंडू चौगले.' फलकावर मुंगसाचं चित्र आणि शेजारी फेटा बांधलेल्या मामांचा फोटो. सत्काराला शाल, श्रीफळ आणि फेटा ठरला.

मामांनी आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. त्यांचा मुलगा नाशकाला असतो, त्याला फलकाचा फोटो गेला. जुने ड्रायव्हर, कंडक्टर, डेपोतले लोक, सगळ्यांना निरोप गेले. मामा रोज येऊन माझ्या टेबलासमोर भाषणाची तालीम करायचे आणि मी सव्वा तासाचं भाषण पंचवीस मिनिटांवर आणायचा प्रयत्न करायचे. पोरीच्या लग्नातसुद्धा हा माणूस इतका खुशीत नव्हता, असं चिमणाबाई एकदा पायरीवरून म्हणाल्या.

आणि भाषणाला दहा दिवस उरले असताना आमच्याकडे पुस्तकांचे खोके आले. शाहूपुरीतले एक इंग्रजीचे प्राध्यापक वारले होते, त्यांच्या मुलीनं सगळी पुस्तकं वाचनालयाला दिली. त्यात शब्दांच्या इतिहासाचा कित्येक खंडांचा मोठा कोश होता. मी तो अजून रजिस्टरला चढवलाही नव्हता, तर मामांनी सुतळी सोडली.

पहिला कुठला शब्द बघितला असेल ते सांगायला नकोच.

बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. हे इतकं विचित्र होतं की मी उठून बघायला गेले. बोट पानावर ठेवून ते बसले होते. मी वाकून वाचलं. मंगूस, मराठीतून, बहुधा पोर्तुगीज मार्गानं. तिथपर्यंत ठीक. पण पुढे आणखी दोन ओळी होत्या. मराठीत हा शब्द द्राविडी भाषांतून आला असावा. तेलुगूत मुंगिस, कन्नडात मुंगिसी किंवा मुंगुसी, ताडून पाहा.

"बाई," ते म्हणाले, "पुढं टप्पा हाय."

मी म्हटलं, "असावा म्हटलंय. आहे असं कुठं म्हटलंय?"

"तेलुगूत हाय, कन्नडात हाय, तामिळातबी तसलंच कायतरी दिलंय बगा. आनि संस्कृतात त्याला नकुल म्हणत्यात. मग आपल्याकडं मुंगूस आलं कुठनं? वरनं न्हाय आलेलं. खालनं आलंय."

एका जुन्या कंडक्टरपुढे तर्कात मी हरले. मग मी वेगळ्या बाजूनं गेले. हे मी लपवत नाही. मी म्हणाले, "गुंडूमामा, फलक लागलाय. लोक मराठीचं कौतुक ऐकायला येणार. तुम्ही खोटं काहीच बोलत नाही. इंग्रजीत तो मराठीतूनच गेला, एवढं सांगा आणि थांबा. पुढचा टप्पा पुढच्या वर्षी सांगू."

त्यांनी कोश मिटला, सुतळी पुन्हा बांधली, आणि जेवायची वेळ झालेली नसताना उठून गेले.

दोन दिवस आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते सकाळी, वाचनालय उघडता उघडता. दाढी वाढलेली. समोरच्या खुर्चीवर बसले आणि विचारल्याशिवाय बोलायला लागले.

"बाई, कंडक्टरची एक वाईट खोड आसती. मानूस ज्या थांब्यावर चढला, त्योच त्याचा गाव असं आमी धरून चालतो. शिरोळला चढला, शिरोळवाला. जयसिंगपूरला चढला, जयसिंगपूरवाला. त्यो बिचारा कुठल्या वाडीतनं दोन कोस चालत थांब्यापतोर आलेला आसतो, ते तिकिटांच्या हिशेबात, वेबिलावर येतच न्हाय. मी मुंगसाचं तेच केलं. मराठीत चढलं, म्हंजे मराठीचं."

"मोठ्या मोठ्या माणसांनी केलंय हे," मी म्हटलं.

"मी बायकूचंबी तेच केलं."

मग त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. चिमणाबाई कुरुंदवाडच्या नव्हत्याच. कुरुंदवाड हे त्यांच्या मामाचं गाव. जन्म झाला दूधगंगेपलीकडे कर्नाटकात, सदलग्याच्या बाजूच्या एका लहान खेड्यात. आई-वडील पाठोपाठ गेले तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. मामा त्यांना चालवत कुरुंदवाडला घेऊन आला. लग्न मामाच्या दारातून झालं, वऱ्हाड गुंडूमामांच्याच गाडीनं आलं, आणि माहेर म्हणून जो थांबा लागला तो कायमचा लागला.

"तवा तिला मराठी येत हुती, पर तोडकीमोडकी. सैपाक करताना आपसूक कानडीत पुटपुटायची. माझी आई लई कडक. म्हणाली, ही घरात कुणाला शिव्या घालती काय कळंना. आनि मी काय केलं? मी आईला समजवायचं, का न्हाय? मी हिलाच सगळ्यांदेखत म्हनलं, हितं आसलं बोलायचं न्हाय. एकदाच म्हनलो, बाई. दुसऱ्यांदा म्हनायची पाळीच आली न्हाय."

बोलता बोलता ते आपल्या हातांकडे बघत होते.

"तीस वर्सं मी साऱ्या मुलखाला इचारत फिरलो, ह्यो शब्द कुठला, त्यो शब्द कुठला. हिला न्हाय इचारलं. परवा घरी जाऊन पयल्यांदा इचारलं, तुमच्याकडं मुंगसाला काय म्हनत्यात गं?"

"मग?"

"म्हनाली, मुंगूसच. दुसरं काय म्हननार? आनि भाकरी थापत ऱ्हायली. खोटं बोलली. पंचेचाळीस वर्सं झाली, मला कळतं ती खोटं कवा बोलती. तिला वाटलं, मी परत तिची परीक्षा घेतोय."

त्या दिवशी मी त्यांना पुन्हा म्हटलं नाही की पुढच्या वर्षी सांगा. पण सांगाच, असंही म्हटलं नाही. धैर्यशीलना हे कळलं तर काय होईल, या काळजीत मीच होते. भाषण त्यांचं, इज्जत त्यांची, आणि माझ्या मनात मात्र धैर्यशीलांच्या खटपटीनं मिळणाऱ्या वाचनालयाच्या अनुदानाचा विचार. माणूस किती लहान असतो ते त्याला अशाच वेळी कळतं.

सत्तावीस तारखेला संध्याकाळी पाचला वाचनालयात सत्तरच्या वर माणसं जमली. खुर्च्या कमी पडल्या, डेपोतले लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मामांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. चिमणाबाई नेहमीप्रमाणे पायरीवर बसायला लागल्या, तेव्हा मी जाऊन त्यांचा हात धरून त्यांना आत आणलं. शेवटच्या रांगेत कडेची खुर्ची त्यांनी स्वतःच निवडली.

आमच्याकडे सत्कार आधी होतो, नाहीतर लोक भाषण अर्ध्यात सोडून जातात आणि टाळ्यांना कुणी उरत नाही. फेटा बांधणारा पुढे झाला. मामांनी हात आडवा केला.

"फेटा मागनं बांधा. आधी ऐका, मग ठरवा बांधायचा का न्हाय."

लोकांना वाटलं गंमत आहे. हसले. धैर्यशीलही हसले. मी हसले नाही.

भाषण फक्कड चाललं. शर्करेची गाडी इंग्लंडला पोचली, 'नारंग'नं 'ऑरेंज' होईपर्यंत अरबस्तानात आणि स्पेनमध्ये गाड्या बदलल्या, डेपोतल्या लोकांनी मधून डबल घंटीचे आवाज काढले. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून ती चिठ्ठी काढली. सगळ्यांनाच ठाऊक होतं कुठली. कुणीतरी ओरडलं, "डायरेक्ट गाडी, मामा."

"डायरेक्ट न्हाय," मामा म्हणाले. "तीस वर्सं मी तुमाला चुकीचं सांगितलं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. नवा कोश, त्यातल्या दोन ओळी, तेलुगू, कन्नड. थांब्याची आणि गावाची गोष्ट सांगितली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता, पण त्या खोलीत तो सगळ्यांपर्यंत पोचला. मागून एकजण म्हणाला, "म्हंजे शब्द आपला न्हवंच की."

"आपलाच हाय. आपल्या स्टँडवरनं गेला म्हणून तर जगाला कळला. पर घरातनं स्टँडपतोर त्यो चालत आला, ते चालनं कुणी धरायचं?"

फलकाकडे बघणारे दोघं-तिघं मला दिसले.

"आनि एक," मामा म्हणाले. "ही चिठ्ठी अपुरी हाय. शेवटचा टप्पा मला पुस्तकातनं लिवायचा न्हाय. ज्याला त्यो ठाऊक हाय त्या मानसाला मी पंचेचाळीस वर्सांमागं सांगितलं की हितं आसलं बोलायचं न्हाय. ते मी चुकलो. चारचौघांत सांगतोय, कारण चारचौघांदेखतच तिला गप केलंतं. आता तिनं सांगावंच, असंबी माझं म्हननं न्हाय. मी चुकलो एवडंच."

ते खाली बसले. टाळ्या कुणी वाजवायच्या, कशाला वाजवायच्या, हे कुणाला कळेना. सत्तर डोकी हळूहळू मागे वळली. चिमणाबाईंनी पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली. मला मामांचा भयंकर राग आला. इतकी वर्षं गप्प बसवलेल्या बाईला एकदम सत्तर माणसांपुढे उघडं करायचं, ही कुठली क्षमा मागायची पद्धत? पण त्यांचा चेहरा बघितला आणि माझा राग टिकला नाही. त्यांना दुसरी पद्धत येतच नव्हती. आयुष्यभर ते गाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलत आले होते.

धैर्यशील उठले. मला वाटलं, आता हा माणूस काय बोलतोय देव जाणे. ते लाल झाले होते. त्यांनी फेटेवाल्याला खुणेनं बोलावलं.

"आणलेला फेटा माघारी न्यायची आमच्यात रीत न्हाय," ते म्हणाले. "बांधा."

मग टाळ्या झाल्या. फार मोठ्या नव्हत्या, पण झाल्या. चहा झाला, लोक पांगले, डेपोतले लोक मामांच्या पाठीवर थापा मारून गेले. "मुंगूसमामा, आता कानडीमामा म्हणावं लागंल की," असंही एकजण म्हणून गेला.

मी खुर्च्या मिटत होते. गुंडूमामा पुढच्या रांगेत फेट्यासकट बसून होते, मांडीवर शाल-नारळ. चिमणाबाई अजून त्याच कडेच्या खुर्चीवर. दोघांच्या मधे रिकाम्या खुर्च्यांच्या सात-आठ रांगा, आणि दोघांपैकी कुणीच उठेना.

मी खुर्ची भिंतीला टेकवली आणि त्यांच्याजवळ गेले. चौदा वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी, कुणालाही विचारते तसं जे विचारायला हवं होतं, ते विचारलं.

"चिमणाबाई, तुमचं गाव कुठलं?"

त्यांनी वर बघितलं. सवयीनं ओठ 'कु' म्हणायला उघडले, ते मला दिसलं. मग मिटले.

"अत्तिहाळ," त्या म्हणाल्या.

ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मामांनी मात्र वळून त्यांच्याकडे बघितलं. लग्नाच्या पत्रिकेत, रेशन कार्डावर, कुठंच ते नसणार.

"अत्ती म्हंजे उंबर," त्या सावकाश सांगू लागल्या, माझ्याशी, पण इतक्या मोठ्यानं की पुढच्या रांगेपर्यंत जावं. "गावात शिरतानाच दोन उंबर हुते. आता हायत का न्हाईत, ठावं न्हाय. आमचं घर मळ्याच्या कडंला. सकाळचं अव्वा, म्हंजे माझी आई, बांधावर उभी ऱ्हायाची आनि मला हाक मारायची. मुंगुसी बंतु, नोडु." मग मराठीत सांगितलं. "मुंगूस आलं, बग. दिसलं तर दीस चांगला जातो म्हनायची."

पंचेचाळीस वर्षं न काढलेला आवाज होता तो. थोडा घोगरा आला. पण त्या तीन शब्दांत त्यांची मान इतकी सरळ झाली की मी त्यांना पहिल्यांदाच बघतेय असं वाटलं.

गुंडूमामा खुर्च्यांच्या मधून वाट काढत आले. फेटा कलला होता, नारळ कुठंतरी राहिला. एका हातात ती चिठ्ठी होती, आणि दुसऱ्या हातानं त्यांनी सवयीनं खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.

"काय म्हनलीस? परत सांग. मुंगुसी, आनि पुढं?"

चिमणाबाईंनी हात पुढे करून त्यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली आणि शेजारच्या खुर्चीवर पालथी ठेवली.

"लिवू नगासा," त्या म्हणाल्या. "आधी ऐका."

गुंडूमामांनी पेनाला टोपण लावलं आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले.